गढूळपणा कोणाचा? नीरेच्या चवपरीक्षेचे शास्त्र

सारखेच गढूळ दोन पेले शेजारी ठेवले तर परीक्षकाने त्यांचे निकाल अगदी उलट द्यावेत, असे क्वचित घडते. पहिल्या पेल्यात धूसर डबल आयपीए, म्हणजे हॉप्सचा भरपूर मारा केलेली, संत्र्याच्या रसासारखी दाट दिसणारी आणि पलीकडचे काही न दाखवणारी बिअर. दुसऱ्यात शिंदीच्या झाडाची नीरा, तीही पांढुरकी आणि पलीकडचे न दाखवणारी. बिअर नितळ निघाली तर परीक्षक तिचे गुण कापतो, कारण या प्रकारात धूसरपणा अपेक्षितच आहे. नीरा गढूळ निघाली तर जाणता माणूस पेला परत करतो. डोळ्यांना दिसते ते सारखेच आहे, पण एकीकडे तो गुण ठरतो आणि दुसरीकडे दोष. म्हणून गढूळपणा किती आहे हा परीक्षणातला दुसरा प्रश्न असायला हवा. पहिला प्रश्न तो कशामुळे आला हा. नीरेच्या चवपरीक्षेची पद्धत या प्रश्नावर उभी करता येते, आणि ती वर्धा जिल्ह्यात उभी राहावी असे मला मनापासून वाटते.

वर्ध्यातच का, याला कारण आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून हा जिल्हा दारूबंदीखाली आहे. क्राफ्ट बिअरचा पेला इथे कायद्याने समोर येऊ शकत नाही. पण नशेच्या अगदी उंबरठ्यावर उभ्या असलेल्या एका पेयाचा गांभीर्याने विचार झाला तो इथेच. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचे ठाणे वर्ध्याच्या मगनवाडीत पडले. जमनालाल बजाजांनी त्यासाठी आपली बाग दिली. जे. सी. कुमारप्पा संघाचे चिटणीस होते आणि ताडगुळाचे काम गजानन नाईक पाहत. गांधीजी १९३६ मध्ये शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला गेले. ज्या झाडाच्या रसाची ताडी होते त्याच झाडाच्या रसापासून गूळ करावा, म्हणजे दारूबंदीने कोणाची रोजी जाणार नाही, हा विचार त्यांनी वारंवार मांडला. १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नजरकैदेत असताना लिहिलेल्या ‘आरोग्याची किल्ली’ या पुस्तकात ताडी आणि नीरा यांच्यातला फरक त्यांनी आरोग्याच्या अंगाने सांगितला आहे.

त्या कामाचा भर गुळावर, भट्टीवर आणि रोजगारावर होता. पेल्यातल्या नीरेची चव कशी तपासावी, चांगली आणि उत्कृष्ट यांत फरक कसा करावा, याची शिस्त मात्र आपल्याकडे घडली नाही. तिकडे बिअरच्या जगात अमेरिकेतल्या बिअर परीक्षकांची प्रमाणन संस्था १९८५ मध्ये सुरू झाली आणि चाळीस वर्षांत तिने चवीची एक भाषाच तयार केली. ती भाषा बिअरसोबतच घ्यायला हवी असे नाही. तिची पद्धत घेता येते आणि जिथे ती नीरेला लागू पडत नाही तिथे बदलता येते.

आधी त्या बिअरचा विचार करू. धूसर आयपीएचे मूळ अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात आहे. तिथल्या ‘द अल्केमिस्ट’ या छोट्या ब्रुअरीची ‘हेडी टॉपर’ ही आठ टक्के मद्यार्काची डबल आयपीए या घराण्याची मूळपुरुष मानली जाते. २०१८ मध्ये अमेरिकेच्या ब्रुअर्स असोसिएशनने धूसर किंवा रसाळ आयपीएला आणि तिच्या डबल भावंडाला स्वतंत्र प्रकार म्हणून मान्यता दिली. परीक्षकांच्या प्रमाण वर्णनात धूसर आयपीएची मूळ घनता १.०६० ते १.०८५, आंबल्यानंतरची घनता १.०१० ते १.०१५, मद्यार्क सहा ते नऊ टक्के आणि कडूपणा पंचवीस ते साठ एकक असा दिला आहे. महाराष्ट्रात ‘डूलाली’ने २००९ मध्ये पुण्यात मायक्रोब्रुअरी सुरू केली. त्यानंतर इथल्या शहरी पिणाऱ्यालाही हॉप्सच्या जाती आणि माल्टचे प्रकार यांची ओळख झाली.

या बिअरचा धूसरपणा मुख्यतः यीस्टचा नसतो. गहू आणि ओट यांतली प्रथिने हॉप्समधल्या पॉलिफेनॉलना चिकटतात आणि त्यांचे इतके सूक्ष्म कण होतात की ते तळाशी बसत नाहीत. आंबवण सुरू असतानाच किंवा ती संपत आल्यावर हॉप्स थंड अवस्थेत घातले जातात, उकळवले जात नाहीत. त्यामुळे कडूपणा कमी उतरतो आणि सुगंधी तेले जास्त टिकतात. पाण्यात सल्फेटपेक्षा क्लोराइड अधिक ठेवले की जिभेवर कडूपणाची धार बोथट होते आणि पोत मऊ लागतो. म्हणजे इथला धूसरपणा ही कारागिराने जाणीवपूर्वक केलेल्या रचनेची खूण आहे. आंबा, पेरू, संत्र्याची साल असे गंध त्याच रचनेतून येतात. आर्वी-कारंजा भागात संत्र्याच्या बागेत वावरलेल्या माणसाला सालीचा वास आणि गराचा वास यांतला फरक शिकवावा लागणार नाही.

परीक्षकाची गुणपत्रिका पन्नास गुणांची असते. गंधाला बारा, रूपाला तीन, चवीला वीस, तोंडातल्या स्पर्शाला पाच आणि एकंदर परिणामाला दहा. ज्या प्रकाराची ओळखच त्याच्या रूपावर आहे, त्यातही रूपाला फक्त तीन गुण. बिअरपुरते हे योग्यच आहे. बिअर पेल्यात येईपर्यंत तिची आंबवण पूर्ण झालेली असते. डोळ्याला जे दिसते ते झाल्या गोष्टीचे चित्र आहे, त्याचा पुढच्या तासाभरावर फारसा परिणाम होत नाही.

नीरेचे तसे नाही. ताज्या नीरेत साधारण दहा ते चौदा टक्के साखर असते आणि ती जवळजवळ सगळी सुक्रोज, म्हणजे उसातली तीच साखर. तेरा टक्के साखरेच्या रसाची घनता सुमारे १.०५२ येते. यीस्ट घालण्यापूर्वी साध्या बिअरचा जो गोड काढा तयार केलेला असतो त्याची घनताही याच घरातली. रसायनाच्या हिशेबात नीरा ही अजून न झालेली बिअर आहे. फरक इतकाच की बिअरचा काढा तासभर उकळून निर्जंतुक केलेला असतो आणि कोणते यीस्ट कधी घालायचे हे माणूस ठरवतो. नीरा उकळलेली नसते. झाडाच्या आतला रस स्वच्छ असतो, पण छेव, म्हणजे चीर, दिलेल्या जागेवर तो बाहेर आला की त्याच क्षणी हवेतले, सालीवरचे, माश्यांच्या पायांवरचे आणि कालच्या मडक्यात उरलेले जंतू त्यात उतरतात. त्यांना कोणी बोलावलेले नसते आणि त्यांच्या कामाला घड्याळ लावलेले नसते. म्हणून नीरेच्या पेल्यात डोळ्याला दिसणारी प्रत्येक खूण पुढच्या तासाभरात काय होणार तेही सांगते. माझ्या मते नीरेच्या गुणपत्रिकेत रूपाला तीन गुण देणे हा अन्याय ठरेल. दहा तरी हवेत.

आता गढूळपणाची कारणे वेगळी करू, कारण सगळी मेख इथे आहे.

पहिले कारण चुना. मडक्याला आतून चुन्याचा हात दिला की रस अल्कधर्मी राहतो आणि जंतूंची वाढ मंदावते. ताज्या रसाचा सामू सातच्या आसपास असतो, चुन्यामुळे तो आठच्या वर जातो. चुन्याचा गढूळपणा पांढरट आणि खडूसारखा असतो. पेला अर्धा तास स्थिर ठेवला तर तो तळाशी थर धरतो आणि वरचा रस नितळतो. खात्री करायची असेल तर थोडी नीरा वेगळ्या पेल्यात काढावी आणि तिच्यात व्हिनेगरचे थेंब टाकावेत. चुन्याचा गढूळपणा विरतो, जंतूंचा विरत नाही. फेनॉल्फ्थेलिनचा थेंब टाकून गुलाबी रंग आला तर चुना भरपूर शिल्लक आहे असे समजावे. तपासणीचा तो पेला अर्थातच प्यायचा नाही.

दुसरे कारण यीस्ट आणि जिवाणू. हा गढूळपणा दुधाळ असतो, अर्ध्या तासात बसत नाही, आणि त्याच्यासोबत पेल्याच्या कडेने बारीक बुडबुड्यांची माळ वर येताना दिसते. इथे डोळा जितका विश्वासार्ह तितका दुसरा कोणी नाही. कार्बन डाय-ऑक्साइड विरघळून राहू शकतो म्हणून पेला हलकेच गोल फिरवून पाहावा. हलवल्यावर फेस धरून तो टिकला तर आंबवण सुरू झालेली आहे.

तिसरे कारण थोडे फसवे आहे. ल्यूकोनोस्टॉक नावाचे जिवाणू सुक्रोज फोडून डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ करतात. नीरा तेव्हा किंचित धुरकट दिसते, बुडबुडे फारसे नसतात, पण ओतताना धार तुटत नाही. शिळ्या भाजीला तार सुटते तोच प्रकार. दिसायला हा दोष सौम्य आहे, पण बुडबुड्यांच्या आधी येतो म्हणून महत्त्वाचा.

चौथे कारण सालीचे कण, परागकण, मुंग्या. हे गाळणीचे काम आहे. त्याला गुण कापावेत पण त्यावर रेंगाळू नये.

या चारांतला कोणता गढूळपणा पेल्यात आहे हे ठरल्याशिवाय पेला ओठाला लावू नये. बिअरचा परीक्षक आधी नाकाकडे वळतो, कारण हॉप्सचा वरवरचा सुगंध मिनिटांत उडतो. नीरेच्या परीक्षकाने आधी डोळ्याचे काम संपवावे.

गंधाच्या बाबतीत नीरा धूसर आयपीएपुढे गरीब आहे आणि ते मान्य करायला हवे. आयपीएत शेकडो सुगंधी रेणूंची गर्दी असते. मर्सिनसारखी तेले, हॉप्समधल्या जिरॅनिऑलपासून यीस्टने केलेले सिट्रोनेलॉल, अत्यंत सूक्ष्म प्रमाणात जाणवणारी गंधकयुक्त थायॉल. नीरेचा गंध मंद असतो. ताज्या उसाच्या रसाची हिरवी छटा, शहाळ्याच्या पाण्याचा ओलेपणा, कधी कोवळ्या काकडीचा भास, आणि मडके नवे असेल तर मातीचा वास. मंद गंधाचे परीक्षण सोपे असते अशी समजूत आहे. प्रत्यक्षात ते अवघड, कारण परीक्षकाला काहीतरी वेगळे सांगण्याचा मोह होतो. म्हणून नीरेच्या गंधाला गुण देताना ‘काय आहे’ यापेक्षा ‘काय नसायला हवे’ यावर भर द्यावा. ताकासारखा आंबूस वास म्हणजे लॅक्टिक जिवाणू. पिकलेल्या केळ्याकडे झुकणारा फळकट वास म्हणजे यीस्टने केलेले एस्टर. नखांच्या रंगासारखा झणका म्हणजे एथिल अॅसिटेट. सडक्या अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. शेवटी व्हिनेगरचा तीक्ष्ण वास म्हणजे अॅसिटिक जिवाणू हवेच्या मदतीने कामाला लागलेले आहेत. केळ्याचा वास आयपीएत सौम्य असेल तर खपून जाईल. नीरेत तो मोठा दोष आहे, कारण तो सुखद असूनही मद्यार्काच्या सोबतीने येतो. पिणाऱ्याला आवडलेला वास परीक्षकाने दोष म्हणून लिहायचा, ही या कामातली खरी कसोटी.

चवीकडे येताना रसाच्या बिघाडाचा क्रम डोक्यात ठेवावा. नैसर्गिक आंबवणीत साधारणपणे आधी लॅक्टिक आम्ल वाढते, मग मद्यार्क, आणि शेवटी अॅसिटिक आम्ल. टप्पे एकमेकांत मिसळतात, पण क्रम बहुधा हाच. म्हणजे जिभेला जाणवणारा हलका आंबटपणा हा मद्यार्काचा अग्रदूत आहे. निसर्गाने दिलेली ही पूर्वसूचना आहे आणि अनुभवी शिंदी काढणारा तिच्यावरच विसंबतो.

इथे चुन्याची एक मोठी अडचण उभी राहते. चुना आम्लाला मारतो. मडक्यात चुना भरपूर असेल आणि लॅक्टिक आम्ल तयार होत असेल, तर चुना संपेपर्यंत जिभेला आंबटपणा कळतच नाही. तोवर नीरा गोड आणि सपाट लागत राहते. चुना संपला की सामू झपाट्याने खाली येतो आणि एकाएकी सगळे बदलते. जतनासाठी घातलेली वस्तू परीक्षणातला सगळ्यात विश्वासू साक्षीदार मुका करते. म्हणून चुन्याच्या नीरेत जिभेच्या साक्षीला निम्मेच वजन द्यावे आणि बुडबुडे, गंध आणि सामूचा कागद यांकडे जास्त लक्ष द्यावे. जास्त चुन्याची चव तशीही ओळखू येते. जिभेच्या मध्यावर साबणासारखी बुळबुळ आणि मागे तुरट कोरडेपणा.

गोडीचे मापन नुसत्या जिभेवर सोडू नये. साखर मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर आज खिशात मावतो. एक थेंब पुरतो. दहाच्या खाली आकडा आला आणि जीभ तरीही भरपूर गोडी सांगत असेल तर सॅकरिनची शंका घ्यावी. सॅकरिनची गोडी उशिरा जाते आणि मागे धातूसारखा कडवटपणा ठेवते. आकडा बारा-तेरा आहे, पण चव पोकळ लागते, खनिजांची किंचित खारट बाजू जाणवत नाही, तर पाणी आणि साखर मिसळलेली असू शकते. नीरेची गोडी पोकळ नसते. पोटॅशियमसारख्या क्षारांमुळे तिच्या शेवटी एक बारीक खारटपणा राहतो आणि तोच गोडीला घशात चिकटू देत नाही. आयपीएत हे काम कडूपणा करतो. उरलेल्या साखरेचा जडपणा तोच कापतो. नीरेत कडूपणा नाही, म्हणून हा खारट शेवट सापडणे ही उत्तम नीरेची माझ्या मते सर्वांत महत्त्वाची खूण आहे. नीरेच्या पत्रिकेत मी चवीला पंधरा गुण ठेवतो, त्यांतले पाच तरी नुसत्या या शेवटासाठी असावेत.

रिफ्रॅक्टोमीटरची मर्यादाही सांगायला हवी. मद्यार्क तयार झाला की प्रकाशाचे वक्रीभवन बदलते आणि आकडा खोटा येतो. साखर खाल्ली जाऊनही तो पुरेसा खाली येत नाही. म्हणून बुडबुडे दिसत असलेल्या नीरेत हा आकडा पुरावा म्हणून धरू नये. तिथे घनतामापक आणि रिफ्रॅक्टोमीटर दोन्ही लावून त्यांतला फरक पाहावा. फरक वाढला तर मद्यार्क वाढला. हिशेबाने पाहिले तर शंभर ग्रॅम नीरेतल्या बारा ग्रॅम सुक्रोजपासून जास्तीत जास्त साडेसहा ग्रॅमच्या आसपास मद्यार्क होऊ शकतो. प्रत्यक्षात एका दिवसात चार ते सहा टक्क्यांपर्यंत मजल जाते, म्हणजे साध्या बिअरइतकी. सकाळी मुलांना देण्याजोगे असलेले पेय संध्याकाळी बिअर झालेले असते. नीरेला परवान्याच्या आणि वेळेच्या चौकटीत ठेवणारे नियम याच कारणाने लागतात, आणि मला ते योग्य वाटतात.

तोंडातल्या स्पर्शाबद्दल थोडक्यात. उत्तम नीरा पाण्यापेक्षा किंचित भरीव लागते, पण ओठांना चिकटत नाही. जिभेच्या टोकावर टोचणी जाणवली तर तो विरघळलेला वायू. धूसर आयपीएत ओटमुळे येणारी मलईदार जाडी गुण आहे. नीरेत जाडी दिसली की डेक्स्ट्रान आठवावे.

आता काळाबद्दल, कारण नीरेच्या परीक्षणात बिअरच्या पत्रिकेत नसलेला एक रकाना घालावा लागतो. धूसर आयपीएलाही काळ पोखरतो. ऑक्सिजनचा थोडासा शिरकाव झाला की पिवळा रंग मळका, राखाडी-तपकिरी होतो आणि फळांचे गंध पुठ्ठ्यासारखे होतात. हॉप्समधली विकरे उरलेले डेक्स्ट्रिन फोडून आंबवण पुन्हा सुरू करतात, हाही या प्रकारातला ठाऊक दोष आहे. पण ताजी म्हणजे सर्वोत्तम हे समीकरण तिथे पुरते खरे नाही. अगदी नव्या कॅनमध्ये तरंगणाऱ्या हॉप्सच्या कणांमुळे घशाला हिरवी जळजळ होते आणि ती निवायला काही दिवस जावे लागतात. तिचा कळस काही आठवड्यांवर येतो. नीरेचा कळस मडके उतरवल्याच्या क्षणीच असतो, त्यानंतर नुसता उतार. म्हणून नीरेचे परीक्षण एका वेळेचे असू शकत नाही. एका मडक्यातले दोन पेले घ्यावेत. एकाची परीक्षा लगेच करावी, दुसरा झाकून सावलीत सामान्य तापमानाला ठेवावा आणि दोन तासांनी त्याच पत्रिकेवर पुन्हा गुण द्यावेत. दोन्ही गुणांतला फरक म्हणजे त्या नीरेचा तग. पहिल्या चवीला दोन नीरा सारख्या ठरल्या, पण दोन तासांनी एकीचे चार गुण गेले आणि दुसरीचे चौदा, तर दुसरीच्या मडक्यात काल रात्रीच बिघाड शिरलेला होता. पहिल्या घोटाला तो दिसला नाही, इतकेच. या तगाला आठ गुण ठेवावेत.

मग पत्रिका अशी होते. रूप दहा, गंध बारा, चव पंधरा, स्पर्श पाच, तग आठ. एकंदर परिणामाचा रकाना मी मुद्दाम ठेवलेला नाही. बिअरच्या पत्रिकेतले ते दहा गुण परीक्षकाच्या आवडीला वाट करून देतात. प्रौढ आणि वैविध्यपूर्ण पेयाला ते शोभते. नीरेसारख्या, जिथे ‘आवडली’ आणि ‘आंबली’ यांत काही तासांचेच अंतर आहे, अशा पेयात ती वाट बंद केलेली बरी.

तापमानाचा प्रश्न विक्रीत आणि परीक्षणात वेगळा सोडवावा लागतो. विक्री केंद्रावर नीरा बर्फासारखी गार देतात आणि तसेच करायला हवे, कारण गारव्यात जंतू मंदावतात. पण गारवा जिभेला बधिर करतो. गोडी कमी लागते, गंध वर येत नाही आणि सुरुवातीचा आंबटपणा हातचा निसटतो. परीक्षेसाठी पेला बारा ते पंधरा अंशांपर्यंत येऊ द्यावा. हिवाळ्यातल्या वर्ध्याच्या पहाटेला हे तापमान आपोआप मिळते, आणि शिंदीचा मुख्य हंगामही थंडीचाच. मे महिन्यात, पारा पंचेचाळीस अंशांकडे सरकत असताना, हाच रस काही तासांत हातातून जातो. भांडे म्हणून काचेचा स्वच्छ पेला घ्यावा. स्टीलच्या पेल्यात डोळ्याचे काम होत नाही.

परीक्षक एकटा नसावा. १९४० च्या दशकात डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीत त्रिकोण चाचणी वापरात आली. तीन पेले, त्यांतले दोन सारखे आणि एक वेगळा, आणि वेगळा ओळखायचा. ओळखता आला नाही तर फरकाच्या गप्पा थांबवायच्या. नीरेसाठी पहिली त्रिकोण चाचणी चुन्याची आणि बिनचुन्याची नीरा यांच्यात घ्यावी. कासरगोडच्या केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्थेने माडाचा रस चुन्याशिवाय, बर्फाच्या पेटीत गोळा करण्याची पद्धत विकसित केली आणि त्या रसाला ‘कल्परस’ हे नाव दिले. तसा थंड गोळा केलेला शिंदीचा रस आणि चुन्याच्या मडक्यातला रस सेवाग्राम परिसरात शेजारी ठेवून चाखता आला, तर चुन्याने किती चव खाल्ली हे प्रत्यक्ष कळेल. त्यांच्या शेजारी आणखी एक पेला उकळून बाटलीबंद केलेल्या नीरेचा ठेवता येईल. त्यात गुळाकडे झुकणारी शिजकी छटा येते. ती वाईट नाही, पण ती वेगळ्या पेयाची चव आहे आणि तिला ताज्या नीरेच्या पत्रिकेवर मोजू नये.

जिभेचे अधिकार कुठे संपतात हे नीट सांगितले नाही तर सगळी पद्धत धोक्याची ठरेल. ताडीत क्लोरल हायड्रेटसारखी गुंगीची भेसळ महाराष्ट्रात वारंवार पकडली गेली आहे. तिची शहानिशा प्रयोगशाळेचे काम आहे, चवीवर तिचा निकाल लावू नये. एक टक्क्याहून कमी मद्यार्क गोड रसात जीभ ओळखेल याची खात्री नाही. आणि सर्वांत गंभीर बाब निपाहची. बांगलादेशात खजुरीचा, म्हणजे आपल्या शिंदीचाच कच्चा रस प्यायल्याने निपाह विषाणूची लागण झाल्याचे २००१ नंतरच्या अनेक साथींत आढळले. रात्री मडक्यावर फळवाघळे येतात आणि त्यांची लाळ-मूत्र रसात पडते. असा रस दिसायला नितळ, वासाला शुद्ध, चवीला गोड असू शकतो आणि पन्नासपैकी अठ्ठेचाळीस गुण मिळवू शकतो. तिथे उपाय एकच, छेव आणि मडके दोन्ही झाकणारी बांबूची किंवा जाळीची झाकणे. झाकण नव्हते असे कळले तर त्या मडक्याचा पेला परीक्षेला घेऊच नये. ही अट गुणांच्या आधीची आहे.

शेवटचा मुद्दा झाडाचा. बिअरचा परीक्षक कॅनवरची तारीख वाचतो. नीरेच्या पत्रिकेच्या माथ्यावर झाड, छेवाची कितवी रात्र, मडके उतरवल्याची वेळ, चुना होता की नव्हता, मडके नवे की वापरलेले आणि झाकण होते का, इतके लिहिलेले असलेच पाहिजे. शिंदीला काही रात्री छेव देऊन मग विश्रांती देतात. बंगालमध्ये विश्रांतीनंतरच्या पहिल्या रात्रीच्या रसाला ‘जिरान’ म्हणतात आणि तोच सर्वांत नितळ आणि गोड मानतात. पुढच्या रात्रींच्या रसाला वेगळी नावे आणि कमी भाव. म्हणजे तिथे चवीची श्रेणी झाडाच्या विश्रांतीशी बांधलेली आहे. वर्ध्यातल्या शिंदीवरही ही श्रेणी लागू पडते का, पहिल्या रात्रीचा खारट शेवट तिसऱ्या रात्री उरतो का, आणि तग कोणत्या रात्रीचा जास्त, हे एका हंगामात एकाच बांधावरच्या काही झाडांच्या पत्रिका ठेवून पाहता येईल. त्यासाठी लागते ती काच, सामूचा कागद, एक रिफ्रॅक्टोमीटर, आणि पहाटे मडके उतरवणाऱ्या माणसाला परीक्षकाच्या बाजूची खुर्ची.